कालीघाटचे तिकीट

कलकत्त्यात जमिनीखालून रेल्वे धावते आणि तिच्या प्रत्येक स्थानकावर वर चढून आले की एक निराळा बाजार लागतो, ही माहिती मला नागपूरच्या एका कापड दलालाने दिली. त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर स्थानकांची नावे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे माल लिहिला. धर्मतला : बांगड्या, काचसामान, लोकरी शाली. भवानीपूर : पेट्या, स्टीलची भांडी. कालीघाट : तांतची, म्हणजे बंगाली हातमागाची, पातळे, बनारसी, शंखाचे दागिने. धर्मतल्याला तिथले लोक एस्प्लनेडही म्हणतात, हेही त्याने बजावले. ते पान मी दोनदा वाचले. मालासाठी एकदा. दुसऱ्यांदा वाचण्याचे कारण वेगळे होते.

लाखांदूरला माझे कापडाचे दुकान होते. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरच्या एका हिवाळ्यातली आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान तुमसरच्या पलीकडे मँगनीजच्या एका खाणीत जमिनीखाली काम करीत. आमच्याकडे बहिणीचा नवराही जावईच, आणि जावयाला अरे-तुरे करीत नाहीत, वयाने लहान असला तरी. मी त्यांना जवाईबापू म्हणत असे. येथेही त्यांना जवाईच म्हणेन.

त्या पावसाळ्यात खाणीत छत बसले. जवाई हातभर अंतराने वाचले. त्यांचा जोडीदार वाचला नाही. त्यानंतर चार महिने जवाई खाली उतरले नव्हते. रजा संपली, आजारपणाची सवलत संपली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी कामावर उतरा, नाहीतर क्वार्टर रिकामे करा, असे त्यांना सांगण्यात आले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस माझ्या भाचीचे लग्न ठरले होते. मुलगा कोंढ्याचा, घरची धानाची शेती. मुलीचा बाप नोकरीत आहे, हे ऐकून त्या लोकांनी होकार दिला होता.

बहीण एसटीने माझ्या दुकानी आली. गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दादा, तुमी कलकत्त्याले जाऊन राहिले म्हनते?"

"जातो. लग्नाचा बस्ता आणि दुकानाचा माल, दोन्ही होईल."

"मंग यायले घेऊन जा संगं."

"त्यांचे काय काम तिथे?"

"घरी बसून दिवसभर छताकडे पाहून राहिले. कवेलूच्या छताकडे, दादा. पोरगी म्हनते, बाबा जेवताना बी वर पाहाते." तिने आवाज खाली आणला. "सोमवारी उतरले नाई तं आमी कुठी जावाचं?"

मी तिला पाणी दिले आणि वही काढून ते मागचे पान पुन्हा वाचले. एखादे जनावर एका वाटेवर बिचकले तर त्याला त्याच वाटेने दोनचार वेळा नेतात. मग ते बिचकत नाही. जिथे बायका पिशव्या घेऊन जमिनीखाली उतरतात, मुले हसत उतरतात, तिथे या माणसाला तीनचारदा उतरवायचे, असा बेत मी त्या क्षणी केला. तो मी कोणाला सांगितला नाही. बहिणीलाही नाही.

गोंदियाहून हावड्याची गाडी घेतली. बिलासपूरच्या पुढे गाडी एका बोगद्यात शिरली तेव्हा जवायांनी जेवणाचा डबा बंद केला आणि मांडीवर घट्ट धरून ठेवला. बोगदा संपल्यावर डबा उघडून उरलेली पोळी खाल्ली. मी खिडकीबाहेर पाहत असल्याचे दाखविले.

बडाबाजारातल्या एका धर्मशाळेत आम्ही सामान टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामने धर्मतल्याला गेलो. तिथल्या बंदिस्त बाजारात भाचीसाठी बांगड्या घेतल्या, दुकानासाठी दोन डझन शाली घेतल्या आणि शाली हावड्याला पोहोचत्या करण्याचे त्या दुकानदाराशी ठरविले. जवाई तोवर ठीक होते. बांगड्यांचे माप ते स्वतःच्या बोटांनी दाखवीत होते. बांगडीवाला म्हणाला, "बाबू, इतना छोटा हाथ? गुड़िया का ब्याह है क्या?" जवाई म्हणाले, "बाप को बेटी का हाथ छोटाही दिखता है." चार महिन्यांत त्यांच्या तोंडून हसण्यासारखे काही निघाल्याचे मी तेव्हा प्रथम ऐकले.

"आता कुठी?" त्यांनी विचारले.

"भवानीपूर. पेटी घ्यायची आहे."

"ट्रामनं?"

"नाही. खालून."

रस्त्याच्या कडेला जिना होता. पायऱ्या रुंद आणि स्वच्छ होत्या. खालून पांढरा प्रकाश येत होता. जवाई जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. लोक त्यांना चुकवून उतरत होते. एका बाईच्या पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आली होती. तीही उतरली.

"हे तुमी आधी सांगतलं नाई, भाऊ."

"सांगण्यासारखे काय आहे त्यात? रेल्वे आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग वाकून पहिल्या पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उतरले. खाणीत उतरताना ते असेच करीत, हे मला ठाऊक होते. मला ते शुभ वाटले.

मी खिडकीवर दोन तिकिटे घेतली आणि एक त्यांच्या हाती दिले. फाटकावरच्या माणसाला ते दाखवून आम्ही आत गेलो. फलाटावर इतका उजेड होता की खांबांना सावली नव्हती. जवाई भिंतीपाशी गेले, बोटाच्या पेराने भिंत ठोकली आणि कान लावला. चार पावले पुढे जाऊन पुन्हा ठोकली. छत पोकळ झाले की त्याचा आवाज बदलतो, हे खाणीतल्या माणसाला पहिल्या वर्षी शिकवितात. शाळकरी पोरे त्यांच्याकडे पाहून हसली.

"कसा आहे आवाज?" मी विचारले.

"चांगला हाये. सिमेंट हाये." मग म्हणाले, "खानीत इतका उजेड असता तं आमी तिथी बसून दाळ निवडली असती."

मीही हसलो. बेत जमतो आहे, असे मला वाटले.

तेवढ्यात बोगद्याच्या काळ्या तोंडातून वारा आला. गाडी अजून दिसत नव्हती. आधी नुसता वारा आला, थंड आणि जोराचा. बायकांचे पदर उडाले. जवायांनी माझा दंड धरला आणि मला मागे ओढून भिंतीला टेकविले. स्वतः माझ्यापुढे उभे राहिले, पाठ बोगद्याकडे आणि दोन्ही हात माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर. गाडी आली, दारे उघडली. लोक चढू लागले. त्यांचे हात निघेनात.

"गाडी आहे, जवाईबापू. गाडीचा वारा आहे."

त्यांनी हात काढले. गाडीत बसल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "छत बसलं का पयले हवा येते. दगड मागून येते. त्या दिवशी हवा आली तवा मी बसलो खाली. तो उभा होता."

चार महिन्यांत एवढे ते कोणापाशी बोलले नव्हते. मी काही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते.

भवानीपूरला उतरलो. बाहेर पडताना फाटकावरच्या माणसाने आमची तिकिटे घेतली आणि एका पेटीत टाकली. मी पुढे निघालो. दहा पावलांवर कळले की जवाई बरोबर नाहीत. ते फाटकापाशी हात पुढे करून उभे होते.

"काय झाले?"

"तिकीट."

"ते परत देत नाहीत. ते त्यांचे झाले."

"वर आलो ना मी?"

"हो. आलात."

"मंग माझं मले भेटावं लागते."

त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला वर रस्त्यावर आल्यावर समजले. खाणीत उतरण्याआधी प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला वरच्या पाटीवर टांगतो. त्यावर त्याचा क्रमांक असतो. वर आला की बिल्ला काढून खिशात घालतो. पाळी संपल्यावर पाटीवर ज्याचा बिल्ला राहील तो माणूस खाली आहे. दुसरी कोणतीही हजेरी तिथे मानीत नाहीत. जोडीदाराचा बिल्ला दोन दिवस पाटीवर होता. जवाई ते दोन दिवस पाटीसमोर बसून होते, असे बहिणीने मला सांगितले होते.

"हा खाणीचा बिल्ला नाही," मी म्हणालो. "आगगाडीचे तिकीट आहे. तुमसरलाही तिकीट जमा करता ना?"

"तुमसरची गाडी जमिनीवरून जाते, भाऊ."

मी रागावलो. "लोक पाहत आहेत. चला," असे म्हणालो. ते चालू लागले.

पेटी घेतली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, झाकणावर कमळ. ती त्यांनी खांद्यावर घेतली. ओझे घेतल्यावर त्यांना बरे वाटते, हे माझ्या लक्षात आले आणि मी मुद्दाम स्टीलचा डबाही त्यांच्याच हाती दिला. मग पुन्हा जिना उतरलो. या वेळी त्यांनी पायरीला हात लावला नाही. हात मोकळे नव्हते, असे मी स्वतःला सांगितले. फलाटावर ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वारा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण जागा सोडली नाही. कालीघाटला बाहेर पडताना फाटकावरच्या माणसाने दुसरे तिकीट घेतले. जवायांनी हात पुढे केला नाही. मला वाटले, संपले.

कालीघाटच्या बाजारात पातळांची दुकाने ओळीने होती. एका दुकानात गादीवर बसलो. दुकानदार वयस्कर होता. मी कापडाचा व्यापारी आहे हे त्याने माझ्या बोटांवरून ओळखले आणि हलका माल काढलाच नाही. तांबड्या बनारसीची घडी त्याने उलगडली तेव्हा मी मागे वळून म्हणालो, "जवाईबापू, पाहा, हे पोरीला."

मागे हिरवी पेटी होती. तिच्यावर स्टीलचा डबा होता. जवाई नव्हते.

मी तांबडे पातळ बाजूला ठेवायला सांगितले आणि बाहेर आलो. उजवीकडे देवळाची गर्दी होती, डावीकडे स्थानक. मी आधी देवळाकडे गेलो. भ्यालेला माणूस देवाकडे जातो, असा माझा समज होता. तिथे अर्धा तास घालविला. प्रत्येक चेहरा निरखून पाहिला. सोमवारला सहा दिवस होते. हा माणूस या शहरात हरवला तर बहिणीला कोणत्या तोंडाने काय सांगायचे, याचा मी विचार करू लागलो. तिने सांगितले नसताना मीच त्यांना नेले होते, असेही नव्हते. तिनेच न्या म्हटले होते. पण कुठे नेतो ते मी सांगितले नव्हते.

ते स्थानकातच होते. बाहेर पडण्याच्या फाटकापाशी, आतल्या बाजूला नव्हे, बाहेरच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसले होते. फाटकावरचा माणूस तरुण होता. तो त्रासलेला होता, पण उद्धट नव्हता.

"आपके आदमी हैं?" त्याने मला विचारले. "एक घंटे से बैठे हैं. बोलते हैं हमारा नाम उतार दो. हम बोला, दादा, इधर नाम नहीं लिखता. मानते नहीं."

मी जवायांपाशी उकिडवा बसलो. "उठा. पातळ काढून ठेवले आहे."

"दोनदा गेलो, भाऊ. दोन बिल्ले खालीच हायेत."

"तुम्ही वर आहात. माझ्यासमोर बसला आहात."

"तोही त्या दिवशी सकाळी माझ्यासमोर होता." ते शांतपणे बोलत होते. आवाज चढला असता तर मला सोपे गेले असते. "पाटीवरून काढल्याबिगर मी उतरनार नाई. इथी बी नाई, तिथी बी नाई."

तिथी म्हणजे कुठे, हे मला बरोबर समजले. ज्या कामासाठी मी त्यांना आणले होते ते काम माझ्या हाताने उलटले होते. सहा दिवस उरले होते.

मी उठलो. जिन्याजवळच्या खिडकीवर गेलो आणि कालीघाटहून भवानीपूरपर्यंतचे एक तिकीट घेतले. ते मुठीत घेऊन फाटकावरच्या माणसाजवळ गेलो, त्याच्या पेटीपाशी वाकलो आणि काही मागितल्यासारखे केले. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी मूठ उघडून तिकीट त्याला दाखविले आणि जवायांकडे पाहिले. तरुणाला कळले. त्याने मान दुसरीकडे वळविली.

"घ्या," मी जवायांना म्हणालो. "शोधून दिले त्यांनी. तुमचेच आहे."

त्यांनी तिकीट घेतले. पुढून पाहिले, मागून पाहिले, अंगठ्याने कडेवरून चाचपले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले आणि उठले.

"अन् दुसरं?"

"दोन्ही प्रवासांचे एकच परत मिळते."

एकदा खोटे बोलले की दुसरे लागतेच. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी मी मापात खोटे बोललो नाही. त्या दिवशी बोललो, आणि मला त्याचे काही वाटले नाही. काम झाले, एवढेच वाटले.

तांबडी बनारसी घेतली. दुकानासाठी तांतची चाळीस पातळे घेतली. शंखाचे दागिने आमच्याकडे चालत नाहीत, ते सोडले. परत जाताना मी म्हणालो, "सामान आहे, ट्रामने जाऊ." जवाई म्हणाले, "काहून? खालूनच चला." ते पुढे उतरले. धर्मतल्याला त्यांनी त्या प्रवासाचे तिकीट फाटकावर देऊन टाकले आणि हात मागे घेतला. मला त्यात यश दिसले.

परतीच्या गाडीत, बिलासपूरच्या अलीकडे रायगढच्या आसपास, सकाळचा चहा घेताना त्यांनी ते कालीघाटचे तिकीट खिशातून काढून माझ्यासमोर बाकावर ठेवले.

"हे नवं हाये, भाऊ."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"माझं मी चार घड्या करून मुठीत धरलं होतं. दोन्ही बी. हाताचा घाम लागला होता त्यायले. याले घडी बी नाई." ते खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या होत्या. "हे कोनी खाली नेलंच नाई."

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमचं तोंड पाहलं मी. तुमाले भेव लागून राहिलं होतं." मग ते म्हणाले, "खानीत आमी असं नाई करत. कोनाचा बिल्ला कोनी काढत नाई. खोटा तं काढतच नाई."

मी क्षमा मागितली नाही. त्या काळी मला ती मागता येत नव्हती. मी एवढेच विचारले, "सोमवारी?"

"जाईन ना. तुमच्या बहिनीसाठी जाईन. पोरीचं हाये." त्यांनी तिकीट उचलले, खिडकीतून बाहेर सोडले. "मले आता काही समजावू नका."

सोमवारी पहाटे मी क्वार्टरवर होतो. कोणी बोलाविले नव्हते. बहिणीने डबा भरला, तिचे हात नेहमीसारखे चालत होते. जवायांनी बूट घातले, दोऱ्या दोनदा बांधल्या. खाणीच्या तोंडापाशी तीस-चाळीस माणसे होती. त्यांना पाहून सगळे एकदम बोलायचे थांबले आणि मग सगळे एकदम बोलू लागले. एकजण म्हणाला, "आले का बंगाली बाबू? आमच्यासाठी रसगुल्ला नाई आनला?" जवाई म्हणाले, "आनला होता. तुह्या भाटव्यानं खाल्ला." बहिणीच्या नवऱ्यावरून केलेल्या या थट्टेवर हसणे झाले. त्यांनी दिवा घेतला, बिल्ला टांगला, लोखंडी पिंजऱ्यात शिरले. पिंजरा जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते वर पाहत होते.

मी तिथल्या बाकावर आठ तास बसलो. दुपारी पायाखालची जमीन हलली, बाकाचा पाय खडखडला. हजेरीचा कारकून वर न बघता म्हणाला, "सुरुंग आहे. रोजचाच आहे." थोड्या वेळाने पुन्हा हलली. त्या आठ तासांत मी पाटीकडे पाहायचे नाही असे ठरविले होते आणि दुसरीकडे कुठे पाहिले नाही. वारा सुटला की मी उठून उभा राही. तो साधा वारा असे, सागाच्या वाळल्या पानांवरून येणारा.

पाळी सुटली. पिंजरा चार वेळा वर आला. जवाई चौथ्या खेपेला आले. चेहरा काळा, डोळे तांबडे, चालणे सरळ. त्यांनी पाटीवरून आपला बिल्ला काढून खिशात घातला. माझ्या बाकासमोरून ते नळावर गेले, तोंड धुतले, डबा धुतला. मग माझ्याजवळ आले.

"तुमचं काम झालं, भाऊ," ते म्हणाले. "पाचची बस हाये. ते पकडा."

मी ती पकडली.

भाचीचे लग्न ठरल्या दिवशी झाले. तांबडी बनारसी कोंढ्याच्या बायकांनी हात लावून पाहिली आणि किंमत विचारली. जवायांनी पुढे सात वर्षे नोकरी केली, रोज खाली उतरले, रोज वर आले, आणि पेन्शनीत निघाले. बहीण म्हणे, घरी ते कमी बोलत, पण छताकडे पाहणे बंद झाले होते. लोक म्हणत, मोठ्या साळ्याने कलकत्त्याला नेऊन माणूस ताळ्यावर आणला.

त्या सात वर्षांत आणि नंतरही जवाई लाखांदूरला माझ्या घरी आले नाहीत. भाऊबीजेला बहीण एकटी येई. ओवाळणी झाली की ती त्यांच्यासाठी डब्यात करंज्या मागून घेई. मी डबा भरून देई. का आले नाहीत, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.